पंधरा वर्षांचा विंगर, डावा गुडघा आणि बिचारा खड्डा : एका दुखापतीचा पंचनामा

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. आमच्या ग्रुपमधला एक पोरगा, वय १५, राइट विंगला खेळतो, सेवन-अ-साइड फुटबॉलच्या मॅचमध्ये पडला आणि डाव्या गुडघ्याचं एसीएल तुटलं, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा पट्टा, लिगामेंट म्हणतात तो. आमच्या भागात कुणालाही विचारा, एकच उत्तर मिळेल, मंडपाच्या खड्ड्यात पाय गेला. मी पण दोन महिने हेच सांगत फिरत होतो, ग्राउंडवाल्यांना शिव्या घालत. मग एक दिवस व्हिडिओ नीट बघितला, हजेरीची वही काढली, घरच्यांशी बोललो आणि खड्डा निर्दोष सुटला. जे सापडलं ते माझ्यासाठी जरा लाजिरवाणं आहे पण लिहितोय, कारण हे असंच्या असं आणखी दहा ग्राउंडवर चाललेलं असणार. पोराच्या आईवडिलांना विचारून लिहितोय, नाव, शाळा, दवाखाना काही सांगणार नाही.

माझं म्हणाल तर मी काही लायसन्सवाला कोच नाही. सांगलीत नोकरी, संध्याकाळी सव्वा तास वीसेक पोरं खेळवतो, लहानपणी मिरजेत मॅचेस बघून लागलेला नाद, बाकी काही नाही. वर्षातनं एकदोनदा पोरांना कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल टीम्सच्या मॅचेस दाखवायला नेतो आणि आल्यावर आठवडाभर सगळ्यांना तसंच खेळायचं असतं, तेवढाच आमचा परदेश दौरा.

आधी ग्राउंडचं सांगतो. कृष्णाकाठची काळी माती म्हणजे जुलैत लोणी आणि ऑक्टोबर हीट लागली की सिमेंट. पावसात तुडवलेले पायाचे ठसे तसेच्या तसे वाळून राहतात, भेगा पडतात आणि त्यात आमचं ग्राउंड गणपतीपासून दसऱ्यापर्यंत कुठल्या ना कुठल्या मंडपाखाली असतं. मंडप निघाला की बांबूचे खड्डे राहतात, कुणीतरी वरून भुसभुशीत माती ढकलून देतं, वरून सपाट दिसतं, पाय पडला की आत. त्यामुळं खड्ड्यावर आळ घेणं सोपं होतं, त्याचं आधीचं रेकॉर्डच खराब होतं.

सोळा दिवस आधी

पडायच्या सोळा दिवस आधी, एका शुक्रवारी प्रॅक्टिसमध्ये हा हेडिंगला उडाला आणि खाली येताना दुसऱ्याच्या बुटावर उतरला. डावा घोटा आत मुरगळला. लंगडत बाहेर आला, बाहेरच्या हाडाखाली अंड्याएवढी सूज. मी काय केलं तर बाटलीतलं गार पाणी ओतलं, स्प्रे मारला आणि म्हटलं चालून बघ, सैल होईल. मग त्याच्या मित्राच्या गाडीवर बसवून घरी पाठवला. झालं माझं काम.

घरी आज्जीनं आंबेहळद आणि तुरटीचा लेप लावला. आता सांगलीत बसून हळदीविरुद्ध बोलायची माझी छाती नाही, आणि खरं सांगायचं तर लेपानं काही बिघडलंही नाही. बिघडलं ते दुसऱ्या दिवशी. नात्यातले एक काका आले, त्यांच्या हाताला गुण आहे असं म्हणतात, त्यांनी गरम तेल लावून घोटा चांगला रगडला आणि चमक उतरवली. पोरगं ओरडत होतं आणि सगळे म्हणत होते ओरडतोय म्हणजे जागा बरोबर सापडली. ताज्या मुरगळलेल्या पायात आतली लिगामेंट फाटलेली असते, बारीक रक्तस्राव चालू असतो, त्यावर पहिले दोन-तीन दिवस चोळणं आणि शेकणं म्हणजे सूज वाढवायची सोय. त्याऐवजी इलॅस्टिक क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच आणि दुखणं कमी व्हायला कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं बर्फ, एवढंच करायचं होतं.

एक्स-रे लागतो का नाही हे ठरवायची एक साधी पद्धत आहे, ऑटावा अँकल रूल्स म्हणतात, कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडली. घोट्याच्या दोन्ही बाजूंची जी हाडं वर येतात त्यांच्या मागच्या कडेला खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये दाबल्यावर हाडावरच दुखतंय का, करंगळीच्या बाजूला पावलाच्या मध्यावर जो उंचवटा लागतो तिथं किंवा पावलाच्या आतल्या बाजूच्या उंच हाडावर दुखतंय का, आणि लागल्यावर लगेच व नंतर दवाखान्यातही चार पावलं चालता येत नाहीत का. यातलं एक जरी हो आलं तरी एक्स-रे. आमच्या पोराला चार पावलं टाकता येत होती, हाडावर दुखत नव्हतं, म्हणजे फ्रॅक्चर बहुतेक नव्हतंच, पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी नशिबानं बरोबर होतो, याला बरोबर म्हणत नाहीत.

दुखतंय का? नाही सर.

दहाव्या दिवशी, सोमवारी तो प्रॅक्टिसला आला. मी विचारलं दुखतंय का, तो म्हणाला नाही सर, मी म्हटलं मग ये. पंधरा वर्षांच्या पोराला टूर्नामेंटच्या आठवड्यात दुखतंय का विचारणं म्हणजे मांजराला दूध कुणी सांडलं विचारण्यासारखं आहे. आणि तो खोटं पण बोलत नव्हता, खरंच दुखत नसेल. पण दुखणं आधी जातं, बाकीचं मागनं येतं. लिगामेंट भरायला हलकी असली तरी आठवडा-दोन आठवडे जातात, मधल्या प्रकारची असली तर तीन ते सहा आठवडे. शिवाय पाय कुठं कसा पडलाय ही जी आपोआपची जाण असते सांध्याची, ती मुरगळल्यावर मंदावते आणि तिचा व्यायाम केल्याशिवाय नीट परत येत नाही. एकदा मुरगळलेला घोटा परत मुरगळायचा धोका म्हणूनच जास्त. माझ्या वहीत बघितलं तर काही पोरांच्या नावापुढं दोन-दोनदा, एकाच्या तर तीनदा 'घोटा' असंच लिहिलंय, आणि मी ते लिहीत होतो पण वाचत नव्हतो.

नंतर फिजिओ मॅडमनी मला एक टेस्ट दाखवली, ती आता मी सगळ्यांची घेतो. भिंतीसमोर उभं राहायचं, पायाचा अंगठा भिंतीपासून लांब ठेवायचा आणि टाच न उचलता गुडघा पुढं वाकवून भिंतीला लावायचा. लागला की पाऊल थोडं मागं घ्यायचं, परत लावायचा, जिथं टाच उचलायला लागते त्याच्या आधीचं अंतर शाळेतल्या पट्टीनं मोजायचं. मग दुसरा पाय. दोन्ही पायांत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर घोटा अजून आखडलेला आहे, मैदानात नाही. त्याच्या जोडीला एका पायावर डोळे मिटून उभं राहणं, एका पायावर टाचा उचलणं, एका पायावर उड्या, मग आठच्या आकड्यात पळणं. पाच मिनिटांचं काम आहे सगळं. सोमवारी मी ही पाच मिनिटं घालवली असती तर, जाऊ दे.

घोटा आखडलेला असला की गुडघ्याशी त्याचा काय संबंध, हे मला पण कळत नव्हतं. घोटा पुढं पुरेसा वाकत नाही तेव्हा उडीवरून उतरताना किंवा कट मारताना, म्हणजे पळता पळता एकदम दिशा बदलताना, शरीर ते वाकणं दुसरीकडून काढतं, पाऊल आत कलतं आणि गुडघा आतल्या बाजूला पडतो. एसीएलला नेमकी हीच पोझिशन आवडत नाही.

तो रविवार

शनिवारी दोन मॅचेस, रविवारी सकाळी नऊला तिसरी. म्हणजे अठरा-वीस तासांत तीन. शनिवारी रात्री घोटा परत थोडा सुजला होता हे मला कुणी सांगितलं नाही, चुलतभावानं सकाळी एक पेनकिलर दिली आणि पोरगं एकदम फ्रेश. (गोळी खाऊन खेळणं म्हणजे धुराचा अलार्म बंद करून परत झोपणं, हे मी आता पालकांच्या मीटिंगमध्ये दरवेळी बोलतो आणि दरवेळी दोन-तीन बाबा खाली बघतात.)

बूट नवीन होते, दसऱ्याला घेतलेले आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणं एक नंबर मोठे, पुढच्या वर्षी पण चालावेत म्हणून. पुढं मोज्याचा बोळा कोंबला होता. खाली लांब स्टड, जे ओल्या गवताच्या ग्राउंडसाठी असतात. आमच्या ऑक्टोबरच्या ग्राउंडवर छोटे छोटे खूप स्टडवाले टर्फ शूज पाहिजेत, लांब स्टड कडक मातीत एक तर टोकावर डुगडुगतात नाहीतर भेगेत अडकतात, आणि पाऊल अडकलं पण अंग वळलं की मधे सापडतो तो गुडघा. वॉर्मअप म्हणाल तर आम्ही पोचलोच पावणेनऊला, दोन राउंड पळाले, थोडं उभ्या उभ्या स्ट्रेचिंग, मग सगळे गोलवर धडाधड शूटिंग. त्याला वॉर्मअप म्हणायची पद्धत आहे.

सेकंड हाफ सुरू झाल्यावर बॉल त्याच्याकडं आला. आत जायची हूल दिली, डावा पाय रोवला आणि लाइनकडं कट मारला. आजूबाजूला दोन हातांवर कुणी नाही. ओरडला आणि गुडघा धरून पडला. तो नंतर म्हणाला टक् असा आवाज आला, मला वाटलं कुणी मागून लाथ घातली. एसीएलच्या बहुतेक दुखापती अशाच होतात, कुणी धक्का न देता, आणि बरेच जण हेच दोन वाक्य बोलतात.

आम्ही काय केलं तर, दहा जण गोळा झालो, एकानं पाय ओढून सरळ केला, दोघांनी बगलेत धरून उभा केला आणि मी, हो मीच, म्हटलं दोन पावलं टाकून बघ. पहिल्याच पावलाला गुडघा निसटला. तिथं तो आडवा ठेवून, पाय आहे तसा आधार देऊन उचलायला पाहिजे होता. दोन तासांत गुडघा नारळासारखा झाला. एवढ्या लवकर आलेली सूज म्हणजे सांध्यात रक्त, आणि सांध्यात रक्त म्हणजे आत काहीतरी मोठं तुटलंय असं धरूनच चालायचं.

त्या दिवशी एका दवाखान्यात एक्स-रे काढला. हाडाला काही नाही, असं सांगितलं, गोळ्या दिल्या. ते खरंच होतं, हाडाला काही नव्हतंच. पण एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही हे घरच्यांना कुणी समजावलं नाही आणि 'हाडाला काही नाही' याचा अर्थ आपल्याकडं 'काही नाही' असा होतो. मग परत तेच काका, परत तेल. सूज उतरली, दिवाळी झाली, पोरगं चालायला लागलं. पाचव्या आठवड्यात घराचा जिना उतरताना गुडघा परत निसटला आणि या वेळी अडकूनच बसला, सरळ होईना. मग मिरज, मग एमआरआय. एसीएल पूर्ण तुटलेलं आणि आतली गादी म्हणजे मेनिस्कस पण फाटलेली. मेनिस्कस पहिल्याच दिवशी फाटली का जिन्यात, हे डॉक्टरांनाही छातीठोक सांगता आलं नाही, पण एसीएल नसलेला गुडघा वारंवार निसटला की गादीची वाट लागते हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. ते पाच आठवडे मला अजून झोपताना आठवतात.

ऑपरेशन जानेवारीत झालं. लगेच केलं नाही, आधी काही आठवडे व्यायाम करून गुडघा पूर्ण सरळ आणि मांडी जागी करून घेतली, आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर तो नंतर आखडूनच राहू शकतो. मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी काढून नवीन लिगामेंट बसवलं. पंधराव्या वर्षी हाडाच्या टोकाची वाढायची जागा उघडी असू शकते म्हणून आधी तेही तपासलं, तिथून चुकीचं भोक पडलं तर पाय वाकडा वाढायची भीती.

व्हिडिओ आणि वही

आता खड्ड्याचं. आमच्या गोलकीपरच्या भावानं मॅच मोबाइलवर शूट केली होती. मी ती स्लो करून, थांबवून थांबवून बघितली, बायको म्हणाली क्रिकेटच्या थर्ड अंपायरसारखं काय चाललंय. खड्डा दिसतोय स्वच्छ, ताज्या मातीचा गोल डाग. पोराचा डावा पाय त्यापासून चांगला हातभर अलीकडं पडलाय, सपाट जागेवर. पुढच्या फ्रेममध्ये टाच बुटाच्या आत सरकलेली दिसते, बूट जागेवर आणि टाच वर. त्याच्या पुढच्या फ्रेममध्ये गुडघा आत. बस. पडताना मात्र तो खड्ड्याच्या दिशेनं पडला, म्हणून सगळ्यांना पडल्यावर खड्डाच दिसला.

म्हणजे घोटा, बूट, तिसरी मॅच, गोळी, अर्धवट वॉर्मअप, यातलं नेमकं कशानं? मला विचाराल तर घोटा, आणि त्याला खेळू देणारा मी. सिद्ध करता येणार नाही. फिजिओ मॅडम म्हणाल्या एका दुखापतीत एकच कारण शोधू नका, पण पुढच्या वेळी यातली कुठली कुठली हातात होती ते मोजा. मी मोजली. सगळीच होती. हातात नव्हता तो फक्त खड्डा, आणि त्यालाच आम्ही धरला.

आता काय चाललंय

सगळ्यात मोठा बदल वॉर्मअपचा. फिफाचा ११+ नावाचा एक प्रोग्रॅम आहे, २००६ पासूनचा, पंधरा व्यायाम, वीस मिनिटं, सामान फारसं लागत नाही. आठ मिनिटं हळू पळणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटी दोन मिनिटं जोरात पळणं आणि कट. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या मुलींच्या टीम्सवर याचा मोठा अभ्यास झाला, २००८ ला छापून आला, त्यात एकूण दुखापती साधारण एक तृतीयांश आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्या कमी झाल्या. मुलींमध्ये एसीएलचा धोका मुलांपेक्षा दोन-तीन पट असतो, त्यामुळं मुली खेळवणाऱ्यांनी तर हे सोडूच नये. अट एकच, आठवड्यातनं किमान दोनदा आणि नीट करायचं, उरकायचं नाही.

सांगणं सोपं आहे, करून घेणं म्हणजे डोक्याला ताप. सव्वा तासातली वीस मिनिटं व्यायामात गेली म्हणून पहिले तीन आठवडे पोरं रुसली, एक पालक म्हणाले सर, पोरगं फुटबॉलला घातलंय, पीटीला नाही. मग पोरांनीच व्यायामांना नावं पाडली आणि गाडी रुळावर आली. गुडघ्यावर बसून, मागनं जोडीदारानं पाय धरायचे आणि अंग सरळ ठेवून हळूहळू पुढं झुकत जायचं, तो नॉर्डिक हॅमस्ट्रिंग, त्याचं नाव दंडवत. एका पायावर उभं राहून बॉल झेलायचा त्याचं नाव बगळा. दंडवत पहिल्या आठवड्यात तीन-चारच घ्यायचे, आम्ही जोशात दहा घेतले आणि दुसऱ्या दिवशी अर्धी टीम जिना उतरू शकत नव्हती, तो पण माझाच शहाणपणा. उडीवरून उतरताना एक जण समोर बसून फक्त गुडघे बघतो, आत पडले की ओरडतो 'आत!', हे काम पोरांना फार आवडतं कारण ओरडायला मिळतं.

बाकीचं पटकन. शिनगार्ड नाही तर खेळ नाही, नियमातच आहे, आणि कडं, अंगठी, गळ्यातली चेन, मनगटावरचे रबर बँड सगळं बॅगेत, वरून टेप लावून पण चालत नाही. देवाच्या दोऱ्यावरून एका आईशी थोडं झालं, शेवटी दोरा खेळेपर्यंत पाकिटात ठेवायचं ठरलं. हलवता येणाऱ्या गोलपोस्टच्या मागच्या पाइपवर दोन-दोन वाळूची पोती, आणि वरच्या बारला कुणी लोंबकळलं की त्या दिवशी घरी, पोस्ट अंगावर पडून जगभरात लहान मुलं गेलेली आहेत. डोक्याला लागून गरगरलं, उलटीसारखं झालं, काही आठवेना, तर तो त्या दिवशी परत मैदानात येत नाही, किती का बरं वाटेना, सरळ डॉक्टर. एका दिवसात एकच मॅच, यावर मात्र मी अजून हरतोय, टूर्नामेंटवाले ऐकत नाहीत, म्हणून आम्ही पोरं आलटून पालटून खेळवतो आणि दोनदा सेमीफायनल हरलोय.

आता ऑगस्ट. ग्राउंडवर गुडघाभर चिखल म्हणून आम्ही आठवड्यातनं दोनदा वर्गणी काढून टर्फ घेतो. ऑपरेशनला सात महिने झाले. मागच्या आठवड्यात फिजिओकडं एका पायाच्या लांब उडीची टेस्ट झाली, उजव्या पायानं १५० सेंटिमीटर, डाव्यानं १२८, म्हणजे ८५ टक्के. निदान ९० पाहिजे आणि नऊ महिन्यांच्या आत तर नाहीच. २०१६ च्या एका अभ्यासात दिसलंय की नऊ महिन्यांपर्यंत प्रत्येक महिना उशीर केला की परत गुडघा दुखावायचा धोका जवळपास निम्मा होतो. हे त्याला पाठ आहे, तरी दर आठवड्याला विचारतो, सर, निदान गोलकीपर?

तोपर्यंत तो टर्फच्या कडेला मोबाइलवर टाइम लावून बगळा घेतो सगळ्यांचा. परवा आमचा एक बारका डिफेंडर आठ दिवसांनी आला, घोटा मुरगळला होता, मला म्हणाला दुखत नाही सर आता. मी काही बोलायच्या आत हा म्हणाला, भावा, चल भिंतीकडं, आणि खिशातनं पट्टी काढली. चार सेंटिमीटर फरक निघाला. बारकं तोंड फुगवून कडेला बसलं, मग थोड्या वेळानं दोघं बॉल मधे ठेवून काहीतरी वाद घालत होते, बहुतेक पट्टी नीट धरली होती का नाही यावरून.